टाके ओले आहेत तोवर गोळी विचारूनच

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला दारावर थाप पडली. पलीकडच्या गल्लीतली एक आई उभी होती. म्हणाली, "ताई, जरा येता का? पोराची छाती एका बाजूनं फुगलीय. काय झालं ते सांगत नाही."

आम्ही म्हणजे वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या पाचजणी. त्यातल्या एकीनं, म्हणजे या ओळी लिहिणारीनं, नर्सिंगची पदविका घेऊन बरीच वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काढली आहेत. त्यामुळे टाके, पट्टी, ताप असं काही असलं की लोक आमच्याकडे येतात. आम्ही गेलो. बावीस वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून बसलेला. घरी पार्सल पोचवण्याचं काम करतो. अंगात सैल शर्ट. आईला बाहेर पाठवल्यावर त्यानं शर्ट वर केला. डावी बाजू उजवीच्या दुप्पट झालेली, कातडी ताणलेली, निळसर काळी. हात लावू देत नव्हता.

आदल्या दिवशी सकाळी त्यानं छातीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. काही मुलांची छाती वयात येताना वाढते आणि तशीच राहते. वैद्यकशास्त्रात त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. शाळेपासून पोरं चिडवत होती. नदीवर, नळावर कधी उघडा बसला नाही. पैसे साठवले, उरलेले हप्त्यांवर घेतले, घरी "गाठ काढायची आहे" एवढंच सांगितलं. सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी. सोबत औषधांची पिशवी आणि एक छापील कागद.

रात्री दुखायला लागलं. दवाखान्यानं दिलेली गोळी घेऊन तासाभरात आराम पडला नाही म्हणून मित्राकडची दातदुखीची गोळी घेतली. पहाटे मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणली. दुपारी नाक्यावरच्या दवाखान्यात जाऊन "पाठ भरलीय" असं सांगून दुखण्याचं इंजेक्शन घेतलं. छातीला बांधलेला घट्ट पट्टा श्वास कोंडतो म्हणून सैल केला. संध्याकाळपासून छाती फुगत गेली.

आम्ही त्याच रात्री रिक्षा करून त्याला शस्त्रक्रिया केली तिथे नेलं. डॉक्टरांनी टाके उघडून आत साकळलेलं रक्त काढलं, रक्त येणारी नस बंद केली आणि परत शिवलं. पोरगा वाचला, बरा झाला. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय घेतलंस?" त्यानं चार नावं सांगितली. त्यातली तीन एकाच जातकुळीची औषधं निघाली.

डॉक्टर चिडले. "कागदावर स्पष्ट लिहून दिलंय की." आम्ही कागद पाहिला. खरंच लिहिलेलं होतं. इंग्रजीत, सातव्या ओळीत: अव्हॉइड एनसेड्स. मुलगा बारावी पास आहे. म्हणाला, "सर, मी वाचलं होतं. मला वाटलं काही खायचा पदार्थ असेल."

हा लेख त्या सातव्या ओळीबद्दल आहे.

वस्तीत ही शस्त्रक्रिया कशाला, असं विचारणाऱ्यांना

काही वाचक म्हणतील, रूप सुधारण्याच्या शस्त्रक्रिया म्हणजे सिनेमावाल्यांचे चोचले, आपल्या पानावर हा विषय कशाला? आम्ही वस्तीतच काय पाहतो ते सांगतो. जड कानातल्यांनी फाटलेली कानाची पाळी शिवून घेणाऱ्या मावशी. चेहऱ्यावरचा मस किंवा तीळ लग्नाआधी काढून घेणारी मुलगी. स्टोव्हच्या भडक्यानं भाजून मान आखडलेली बाई. टक्कल पडलं म्हणून केस लावून घेणारा रिक्षावाला. बाळंतपणानंतर सुटलेलं पोट आवळून घेणारी. जन्मतः ओठ फाटलेलं लेकरू. यातली काही गरजेची, काही हौसेची. गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते हे ठरवणारे आपण कोण? ज्याचं अंग, त्याला ठाऊक.

या विद्येबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक असावी. 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्याजवळची एक हकिकत छापून आली. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला टिपू सुलतानाच्या लोकांनी कैद करून त्याचं नाक आणि हात कापला होता. वर्षभरानं पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. ती हकिकत युरोपात गाजली आणि 1814 साली जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. ज्याच्या हातची ही करामत, त्याचं नाव त्या हकिकतीत नाही, जात तेवढी आहे. ही विद्या कष्टकऱ्याच्या हातात होती. ती करून घ्यायला कष्टकऱ्याच्या लेकरानं लाजायचं कारण नाही.

लाजेचा मुद्दा आम्ही मुद्दाम काढतो आहोत. त्या मुलानं नाक्यावरच्या डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर ते इंजेक्शन बहुधा मिळालंच नसतं. तो खोटं बोलला कारण खरं सांगितलं की लोक हसतात. औषधाची माहिती जितकी महत्त्वाची, तितकंच हे हसणं थांबणंही महत्त्वाचं आहे.

गोळीनं रक्त कसं वाहतं

डेंग्यूमुळे 'प्लेटलेट' हा शब्द आता वस्तीत सगळ्यांना माहीत झाला आहे. रक्तातल्या या बारीक कणिका. कुठे कापलं की त्या धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि भोकाला बूच बसवतात. मग त्यावर रक्त गोठून पक्कं जाळं तयार होतं. चाकूनं कापलेल्या जागी टाके घातले तरी आतल्या शेकडो बारीक नसांची तोंडं प्लेटलेटच बंद करतात. सुरुवातीचे काही दिवस ही बुचं कच्ची असतात.

डेंग्यूच्या तापात डॉक्टर बजावतात, फक्त पॅरासिटामॉल घ्या, दुसरी दुखण्याची गोळी घेऊ नका. का? कारण ॲस्पिरिन आणि तिच्या कुळातल्या गोळ्या प्लेटलेटना चिकटू देत नाहीत. जे डेंग्यूत, तेच शस्त्रक्रियेनंतर. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं काम झालं.

असं का होतं? जखम झाली की शरीरात काही रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे दुखतं, सूज येते. या गोळ्या ती रसायनं तयार होण्याचा रस्ता अडवतात, म्हणून दुखणं थांबतं. पण प्लेटलेटना चिकटायला सांगणारं रसायनही त्याच रस्त्यानं तयार होतं. रस्ता अडला की दोन्ही अडतात. हे कोडं जॉन व्हेन या शास्त्रज्ञानं 1971 साली उलगडलं आणि 1982 साली त्यांना नोबेल मिळालं.

या सगळ्या कुळाला डॉक्टर इंग्रजीत 'एनसेड्स' म्हणतात. म्हणजे सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या. सातव्या ओळीचा अर्थ एवढाच होता: या गोळ्या घेऊ नका.

आता नावं पाहू. पाकिटावर कंपनीनं दिलेलं नाव मोठं असतं आणि औषधाचं मूळ नाव त्याखाली बारीक. वाचायचं ते बारीक.

ॲस्पिरिन: डिस्प्रिन, इकोस्प्रिन. ही या कुळातली सगळ्यांत चिवट. ज्या प्लेटलेटला ती लागली ती प्लेटलेट मरेपर्यंत निकामी राहते, आणि प्लेटलेटचं आयुष्य साधारण आठ ते दहा दिवसांचं असतं. म्हणून आज घेतलेल्या एका गोळीचा परिणाम पुढे कित्येक दिवस राहतो.

आयबुप्रोफेन: ब्रुफेन. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. याचा प्लेटलेटवरचा परिणाम तात्पुरता असतो, साधारण दिवसभरात ओसरतो.

डायक्लोफेनॅक: व्होवेरान. नाक्यावर जे दुखण्याचं इंजेक्शन देतात ते पुष्कळदा हेच. ॲसिक्लोफेनॅक त्याचंच भावंड.

केटोरोलॅक: दातदुखीसाठी सर्रास घेतली जाणारी गोळी. नॅप्रोक्सेन: हिचा परिणाम आयबुप्रोफेनपेक्षा जास्त काळ टिकतो.

मेफेनॅमिक ॲसिड: मेफ्टाल स्पास. ही बहिणींसाठी खास. पाळीत पोटात दुखलं की ही गोळी आपण शेजारणीकडून मागून घेतो. शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांनी पाळी आली आणि सवयीनं ही गोळी घेतली, तर टाक्यांचं काय, हा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

पॅरासिटामॉल या कुळातली नाही. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तिची नावं. प्लेटलेटना ती फारसा त्रास देत नाही, म्हणून टाके ओले असताना पहिला आधार तिचाच. पण ती निरुपद्रवी नाही. प्रमाणाबाहेर गेली तर यकृत निकामी करते. मोठ्या धडधाकट माणसाला चोवीस तासांत सगळी मिळून 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही शेवटची हद्द. अंगात वजन कमी असेल, कावीळ होऊन गेली असेल, रोजची दारू असेल तर त्याहून बरीच कमी, आणि ती किती हे डॉक्टरच सांगतील. दोन गोळ्यांत निदान चार ते सहा तासांचं अंतर हवं. आणखी एक फसगत होते: सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल, वर क्रोसिन वेगळी. तीन पाकिटं, पण पोटात जाणारं औषध एकच, तिप्पट.

पोटात घेतो तेवढंच औषध असं समजू नका. दुखऱ्या जागी चोळायच्या कित्येक बामांत ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं मिथाइल सॅलिसिलेट असतं. टाक्यांवर बाम नको, हळद नको, राख तर नकोच. मासळीच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या, ताकदीची म्हणून घेतलेली जडीबुटीची पावडर, यांनीही रक्त पातळ होऊ शकतं. भाजीतला लसूण खा, त्याची भीती नाही. पण डबीतून काही घेत असाल तर शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना सांगा.

उलटी चूकही तितकीच घातक

हे सगळं विहारातल्या महिलांच्या बैठकीत सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात आम्हाला धडा मिळाला. एका मावशींना भाचीच्या लग्नाआधी कानाची पाळी शिवून घ्यायची होती. "रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची असते ना?" म्हणून त्यांनी आपल्या मनानं इकोस्प्रिन बंद केली. त्यांच्या हृदयाच्या नसेत दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेली. ती गोळी स्टेंटमध्ये रक्त साकळू नये म्हणूनच होती. कानाची पाळी लाख मोलाची असेल, पण तिच्यासाठी हृदयाचा झटका ओढवून घ्यायचा?

आम्ही त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी लगेच सुरू करायला लावली. कान शिवणाऱ्या डॉक्टरांशी ते बोलले. गोळी चालू ठेवूनच, जागा बधिर करून पाळी शिवली. रक्त जरा जास्त वेळ झिरपलं, दाबून धरावं लागलं, एवढंच. मावशी लग्नात कुड्या घालून मिरवल्या.

तेव्हा नीट ऐका. हृदय, मेंदूचा झटका, नसांचा आजार यासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी आमचा लेख वाचून बंद करू नका. ती बंद करायची की नाही, कधी करायची, परत कधी सुरू करायची, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं. तुमचं काम एवढंच की ती गोळी तुम्ही घेता हे सांगायचं.

मग दुखणं सोसायचं का?

नाही. आपल्या बाया सोसण्याला गुण समजतात. वॉर्डात आम्ही पाहिलं आहे, दात आवळून पडून राहतील पण सिस्टरला हाक मारणार नाहीत. दुखणं अंगावर काढलं की रक्तदाब वाढतो, आणि वाढलेल्या रक्तदाबानं कच्ची बुचं निसटतात. म्हणून दुखण्यावर औषध घ्यायलाच हवं. प्रश्न कुठलं आणि कुणाला विचारून, एवढाच आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही सर्जन स्वतःच शस्त्रक्रियेनंतर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देतात. आयबुप्रोफेनमुळे प्लास्टिक सर्जरीनंतर रक्तस्राव फारसा वाढत नाही असं काही अभ्यासांत दिसलंही आहे. त्या मुलाची छाती गोळ्यांनीच फुगली असंही आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. या शस्त्रक्रियेत गोळीशिवायही आत रक्त साकळू शकतं, आणि त्यानं पट्टाही सैल केला होता. पण सर्जन जेव्हा गोळी देतो तेव्हा त्याला ठाऊक असतं की जखम किती मोठी आहे, आत रक्त किती आलं होतं, रुग्णाचा रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर कसा आहे. मेडिकलच्या काउंटरवर यातलं काहीच ठाऊक नसतं. डायक्लोफेनॅकसारखी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे. तरी आपल्या नाक्यावर ती गोळ्या-बिस्किटांसारखी मिळतात, हे आपण सगळे जाणतो.

म्हणून आमचा नियम साधा आहे. दवाखान्यानं दिलेल्या गोळीनं भागत नसेल तर दुसरी गोळी शोधायची नाही, दवाखान्याला फोन करायचा. त्याचं दुसरं कारण अधिक मोठं आहे. शस्त्रक्रियेनंतर दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर ते दुखणं काहीतरी सांगत असतं. चार गोळ्यांनी त्याचं तोंड दाबलं तर सांगणारंच कुणी उरत नाही.

लगेच धाव घ्यायची लक्षणं

पट्टीवर थोडे लालसर पिवळे डाग पडणं, जागा निळी होणं, दोन्ही बाजूंना सारखी सूज येणं, हे पहिल्या दिवसांत होतंच. घाबरू नका. पण पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

एकाच बाजूची सूज झपाट्यानं वाढणं, जागा दगडासारखी ताठ होणं. पट्टी ताज्या लाल रक्तानं पुन्हा पुन्हा भिजणं. गोळी घेऊनही दुखणं वाढत जाणं. चक्कर, घाम, अंग गार पडणं, नाडी धावणं, लघवी कमी होणं. पापणीची शस्त्रक्रिया झाली असेल आणि डोळ्यात एकदम जोरात दुखून अंधुक दिसायला लागलं, तर तास दोन तासांतही नजर जाऊ शकते. ताप, पू, घाण वास ही जंतुसंसर्गाची लक्षणं. एका पायाची पोटरी सुजून दुखणं किंवा अचानक धाप लागणं म्हणजे पायाच्या नसेत रक्त साकळल्याची शंका, तीही तातडीचीच.

वरून रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी टाक्यांवर ठेवून तळहातानं दाबून धरा. सलग पंधरा मिनिटं. दर मिनिटाला कापड उचलून पाहू नका, उचललं की बूच निघतं. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र डोळ्यावर दाब देऊ नका, सरळ दवाखाना गाठा. वाहन मिळत नसेल तर 108 ला फोन करा, ती रुग्णवाहिका फुकट आहे. सोबत औषधांची सगळी पाकिटं घ्या, शेजाऱ्यानं दिलेलीसुद्धा. आणि तिथे पोचल्यावर खरं सांगा. डॉक्टर रागावतील, रागावू द्या.

आमची मागणी

त्या रात्री डॉक्टर म्हणाले, "लिहून दिलं होतं." आमचं म्हणणं आहे, जे वाचणाऱ्याला कळत नाही ते लिहून दिलं असं म्हणता येत नाही. मुलाकडून पैसे घेताना दवाखाना त्याच्याशी मराठीत बोलला. हप्ते मराठीत समजावले. नेमकी जीव वाचवणारी ओळ तेवढी इंग्रजीत राहिली.

याला कायद्याचा आधार नाही असं नाही. औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेनं 2016 साली केला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं रुग्णहक्कांची सनद तयार केली आणि 2019 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ती राज्यांकडे पाठवली. रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला समजेल असं सांगावं, हे त्या सनदेत आहे. महाराष्ट्रात जानेवारी 2021 मध्ये शुश्रूषागृहांचे नियम सुधारले गेले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं त्यात बंधनकारक झालं. दवाखान्यात गेलात की भिंतीकडे बघा. नसेल तर विचारा, "सनद कुठे लावली आहे?" विचारायला पैसे पडत नाहीत.

आमची मागणी चार ओळींची आहे. घरी सोडताना प्रत्येक रुग्णाला मराठीत छापलेला कागद द्या. त्यावर घ्यायच्या गोळ्यांबरोबर न घ्यायच्या गोळ्यांची नावं लिहा, बाजारात चालतात ती नावं. रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर लिहा. आणि तो कागद रुग्णाच्या हातात कोंबू नका, वाचून दाखवा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. वॉर्डात आम्ही ते केलं आहे, म्हणून सांगतो.

शस्त्रक्रिया ठरवण्याआधी तुम्हीही विचारा. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत का? रात्री त्रास झाला तर कुठे यायचं? निव्वळ रूपासाठीच्या शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत नाहीत, तेव्हा पुढे गुंतागुंत झाली तर तो खर्च कोण करणार? उत्तर टाळणाऱ्या ठिकाणी अंग टाकू नका.

आणि घरच्यांना

दवाखान्याला जाब विचारायचा तसा स्वतःलाही विचारायला हवा. शस्त्रक्रिया झालेल्या बाईनं दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नळावर हंडा उचलला, तर कुठलीही गोळी न घेताही टाका सुटेल. डॉक्टर म्हणतात "आराम करा", पण आपल्याकडे आराम कुणी दुसऱ्यानं काम उचलल्याशिवाय मिळत नाही. नवऱ्यानं, दिरानं, मोठ्या पोरानं दोन आठवडे पाणी भरावं. डॉक्टरांनी सांगेपर्यंत जड उचलणं बंद. कुंथावं लागू नये म्हणून पाणी आणि भाजी भरपूर. मशेरी, तंबाखू, विडी शस्त्रक्रियेच्या आधीपासून बंद. तंबाखूनं कातडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि शिवलेली कातडी काळी पडून मरते. मशेरी लावणाऱ्या आयाबहिणींना हे कुणी विचारतच नाही, आणि त्याही सांगत नाहीत.

आणि कुणी आपलं नाक, कान, छाती, पोट नीट करून आलं तर हसू नका. तुमच्या हसण्याला भिऊनच ते पोर रात्रभर भिंतीला टेकून बसलं होतं. आईला बोलावलं तेही शेवटी श्वास घेताना दुखायला लागल्यावर.

तो मुलगा आता बरा आहे. आमच्या सांगण्यावरून त्यानं एक काम केलं. 'अव्हॉइड एनसेड्स'चं मराठी त्यानं स्वतः लिहिलं, वरची सगळी नावं खाली घातली आणि त्याच्या प्रती काढल्या. एक विहारातल्या फलकावर आहे, एक नाक्यावरच्या मेडिकलमध्ये. मेडिकलवाल्या भाऊंनी काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. पहिली ओळ अशी आहे: "अंगावर टाके आहेत का? मग आधी सांगा, मग गोळी मागा."

तुमच्या वस्तीतही लावा. नावं या लेखातून उतरवून घ्या. आणि मराठी कागद न देणारा दवाखाना दिसला तर आम्हाला कळवा. आम्ही पाचजणी त्यांच्याकडे जाऊ, कागद कसा लिहायचा ते समजावून सांगू.